वाड्याच्या जागेवर फ्लॅट स्कीम आणि शेजारच्यांचा उजेड: आर्वीच्या कामाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

इमारतीचा आराखडा करायचं काम हातात घेतलं. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या जुन्या वस्तीतला वाडा आहे, माती-विटांच्या भिंती, वर कवेलू, मालक दोघे भाऊ, वाटणी होऊन आता दोघांनी मिळून फ्लॅट स्कीम टाकायचं ठरवलंय. खाली एक आणि वर तीन मजले, एकूण आठ फ्लॅट. दक्षिणेला दुकानं आहेत तिकडून काही अडचण नाही. उत्तरेला मात्र १९९९ सालची तीन मजली बिल्डिंग आहे आणि तिच्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या आणि मागच्या बेडरूमच्या खिडक्या आपल्या वाड्याकडे उघडतात. पंचवीस वर्षं समोर फक्त कवेलूचं छप्पर आणि त्यावर आभाळ, एवढंच त्यांनी पाहिलेलं.

मला स्वतःला असं गावातल्या गावात बांधणं मनापासून पटतं. आपल्याकडे पूर्वीपासून वस्ती पांढरीवर आणि शेती काळीवर, आणि गेल्या काही वर्षांत गावाबाहेर जिकडे पाहावं तिकडे चांगल्या कापसाच्या काळ्या जमिनीत प्लॉटचे लेआउट पडत चाललेत, रस्ता नाही नाली नाही, शाळेत जायला पोरांना ऑटो. त्यापेक्षा बाजाराजवळ, दवाखान्याजवळ आठ कुटुंबं राहिली तर केव्हाही चांगलं. फक्त त्याची किंमत शेजारच्या सहा घरांनी अंधारात बसून मोजू नये, एवढीच माझी अट, आणि ती मी मालकांना पहिल्याच दिवशी सांगितली.

१७ नोव्हेंबर

शेजारच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या घरी जाऊन आले. नगरपरिषदेतली माणसं निवडणुकीच्या कामात आहेत, नकाशाचं काही हलणार नाही, म्हणून हा वेळ मोजमापाला मिळाला ते बरंच झालं.

त्यांनी त्यांच्या बाजूने ५ फूट सोडलंय, आपण ५ फूट सोडणार, म्हणजे मध्ये १० फुटांचा बोळ. त्यांच्या खिडक्यांचा मध्य जमिनीपासून साधारण साडेसहा, साडेसोळा आणि साडेसव्वीस फुटांवर. वाड्याची भिंत त्यांच्यापासून ५ फुटांवर, वळचण साडेअकरा फूट, आढं १६ फूट. आपली नवीन बिल्डिंग पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा धरून ४५ फूट.

पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "ताई, तुमी बांधा, आमी नाई नाई म्हणत, पण मंग आमाले भर दुपारी लाइट लावून सयपाक करा लागन नं. अन् लाईन गेली तं?" लाईन गेली तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उन्हाळ्यात इथे लाईन दुपारीच जाते.

दुसऱ्या मजल्यावरचे काकाजी एकदम उलट बोलले. "सावली पडन तं चांगलंच आहे, मे महिन्यात हे भिंत तव्यावानी तापते." तेही खोटं नाही. विदर्भात सावलीला कोण नाही म्हणेल. पण सावली म्हणजे सूर्य अडला, आणि खोलीत दिवसभर जो उजेड असतो तो बहुतेक आभाळाकडून येतो, सूर्य कुठेही असला तरी. खिडकीतून आभाळाचा किती तुकडा दिसतो त्यावर सगळं आहे. सूर्य अडवून आभाळ उघडं ठेवता येतं आणि सूर्य-आभाळ दोन्ही घालवताही येतं. आपण काय करणार हा प्रश्न आहे.

घरात दिवे बंद करून ओट्यावर उजेड मोजायचं लक्स मीटर ठेवून आकडे घेतले, सकाळी ११ च्या सुमारास, सगळीकडे एकाच दिवशी, आणि वहीत त्यांच्यासमोर लिहिले.

२४ नोव्हेंबर

कोन काढले. गणित सोपं आहे, कोणालाही करता येतं: समोरची बिल्डिंग खिडकीच्या मध्यापेक्षा किती फूट वर जाते, भागिले मधलं अंतर, त्यावरून कोन. त्या कोनाच्या खालचं आभाळ गेलं, वरचं राहिलं.

आत्ताच्या नकाशाप्रमाणे बांधलं तर खालच्या मजल्याला ७५ अंशांपर्यंत भिंत, पहिल्याला ७१, दुसऱ्याला ६२. आभाळ सगळीकडे सारखं उजळ धरलं आणि बोळ लांबलचक धरला तर उभ्या खिडकीला मिळणारा आभाळाचा उजेड, समोर काहीच नसताना १०० मानला तर, खालच्या मजल्याला ३, पहिल्याला ६ आणि दुसऱ्याला १२ राहतो. बोळाच्या दोन्ही टोकांकडून थोडा येईल तो वेगळा, पण तो मधल्या खिडक्यांपर्यंत पोचता पोचता फार उरत नाही.

आता आज किती आहे ते पाहा. खालच्या मजल्यासमोर वाड्याची वळचण ४५ अंशांवर आहे म्हणजे त्यांना आजही २९ च मिळतात. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याला जवळपास पूर्ण १००. सगळे म्हणत होते खालच्यांचं नुकसान जास्त, पण सगळ्यात मोठी पडझड पहिल्या मजल्याची आहे, १०० वरून ६. खालच्यांकडे गमवायला कमी आहे म्हणून त्यांचा आकडा लहान दिसतो, घर मात्र सगळ्यात काळोखी त्यांचंच होणार. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचा वेगळा विचार करावा लागेल.

१ डिसेंबर

नियम काय म्हणतात ते वाचलं, बरंचसं आधी शिकलेलं पण पुन्हा नीट.

राष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे २०१६ च्या एनबीसीत, बाहेर ८००० लक्स धरून आत त्याच्या किती टक्के उजेड यावा ते दिलंय. स्वयंपाकघराला अडीच टक्के म्हणजे २०० लक्स, बैठकीच्या खोलीला ०.६२५ टक्के म्हणजे ५० लक्स, अभ्यासाच्या खोलीला १.९ टक्के. स्वयंपाकघराला सगळ्यात जास्त मागितलंय आणि बोळाकडे आपण नेमकी स्वयंपाकघरंच टाकतो. ही संहिता तुमच्या स्वतःच्या घराबद्दल बोलते. तुम्ही बांधल्यावर शेजाऱ्याच्या ओट्यावर किती उरलं हे नकाशा मंजूर करताना कोणी विचारत नाही. मार्जिन म्हणजे कडेला सोडायची जागा, उंची, एफएसआय म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं ते, एवढं बसलं की झालं, आणि जुन्या दाट वस्तीत तर मार्जिनही नवीन लेआउटपेक्षा सैल.

इंग्लंडमध्ये बीआरई या इमारत-संशोधन संस्थेची मार्गदर्शिका वापरतात, १९९१ पासून आहे, २०२२ ला नवीन आवृत्ती आली. तिची पहिली चाळणी २५ अंशांची: शेजाऱ्याच्या सगळ्यात खालच्या खिडकीच्या मध्यापासून नवीन इमारत २५ अंशांच्या वर गेली नाही तर पुढे काही पाहायची गरज नाही. आपल्या बोळात ते लावायचं तर मध्ये ८० फुटांच्या वर अंतर लागेल. आपल्या कोणत्याच जुन्या वस्तीत ते होणार नाही. पण तिची दुसरी कसोटी मला फार कामाची वाटली: नवीन बांधकामानंतर खिडकीला मिळणारा आभाळाचा भाग आधीच्या ०.८ पटीच्या खाली गेला तर राहणाऱ्याला फरक जाणवतो. म्हणजे कोणता तरी आदर्श आकडा धरून बसायचं नाही, आधी किती होतं आणि आता किती हे विचारायचं. शेजाऱ्याचा प्रश्न तोच असतो. जपानने १९७६ मध्ये इमारत कायद्यातच सावलीचे तास मोजायचा नियम आणला, न्यूयॉर्कने तर १९१६ मध्येच उंच इमारतींना वर जाताना मागे सरकायला लावलं. आपल्याकडे अजून हे मालकाच्या मनावर सोडलेलं आहे.

कायदा मात्र आहे, आणि जुना आहे. १८८२ चा सुखाधिकार कायदा, कलम १५: एखाद्या इमारतीत उजेड आणि हवा शांततेने, अखंड २० वर्षं येत असेल तर तो हक्क होतो. हा कायदा मुंबई इलाख्याला १८९१ मध्ये लागू झाला, पण मध्य प्रांतात पहिल्या दिवसापासून, १ जुलै १८८२ पासून होता, आणि वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात. म्हणजे पुण्या-मुंबईच्या आधी हा कायदा आर्वीत होता! शेजारची बिल्डिंग २५ वर्षं जुनी आहे. उजेड थोडा कमी झाला म्हणून कोर्ट ऐकत नाही, कलम ३३ प्रमाणे राहण्याच्या सोयीला खरोखर बाधा यायला पाहिजे, पण १०० वरून ६ ही बाधा नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं. आणि नकाशा मंजूर झाला म्हणजे शेजाऱ्याचा दिवाणी हक्क संपला असं होत नाही, हे मालकांना स्पष्ट सांगायला पाहिजे. धमकी म्हणून नाही, उद्या स्टे आला तर अर्धवट स्लॅब पावसात उभी राहते म्हणून.

२१ डिसेंबर

वर्षातला सगळ्यात लहान दिवस. शेजारच्या गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्याने उभी केली. आपल्याकडे सूर्य डोक्यावर १२ ला येत नाही, घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि आर्वी ७८ च्या थोडी पुढे, त्यामुळे आज सव्वाबाराला. सावली ९८ सेंटिमीटर. अक्षांश २१ धरून सूर्याची उंची साडेपंचेचाळीस अंश येते, बरोबर जुळलं. लक्षात ठेवायला सोपं: डिसेंबरात आपल्याकडे दुपारची सावली जवळपास उंचीइतकी.

काकूंच्या स्वयंपाकघरात आज ऊन ओट्याच्या खाली फरशीपर्यंत येत होतं, तिथेच आजी पाय पसरून बसल्या होत्या, त्यांची रोजची जागा आहे हिवाळ्यात.

मग उलटं मोजलं, खिडक्यांवरचे छज्जे सध्या बाजूला ठेवून. आत्ताच्या नकाशाप्रमाणे बांधलं तर पहिल्या मजल्याच्या या खिडकीवर दुपारचं ऊन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होणार आणि सप्टेंबरच्या मध्याला संपणार. खालच्या मजल्याला एप्रिल ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. म्हणजे पाहिजे तेव्हा हिवाळ्यात अजिबात नाही आणि नको तेव्हा एप्रिलमध्ये हजर. काकाजींना हे कागदावर काढून दाखवलं तर ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मंग हे तं उलटंच होऊन राह्यलं."

मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, २५-२६ मेच्या आसपास शून्य सावली आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत थोडासा उत्तरेला. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा तसंही ऊन लागत नाही. मे महिन्यात घर तापतं ते मुख्यतः वरच्या स्लॅबमुळे आणि पश्चिमेच्या भिंतीमुळे, त्याला आपली बिल्डिंग काही मदत करणार नाही.

२९ डिसेंबर

छज्जे. त्यांच्या प्रत्येक खिडकीवर दीड फुटाचा छज्जा आहे. खिडकीच्या मध्यातून वर पाहिलं तर छज्जा ५३ अंशांच्या वरचं सगळं आभाळ झाकतो. समोर मोकळं असताना याने फार बिघडत नव्हतं, कारण खालचं आभाळ पूर्ण होतं. पण आता समोरची भिंत ६२ ते ७५ अंशांपर्यंत येणार आणि छज्जा ५३ पासून वरचं झाकणार. मध्ये काहीच उरत नाही! कागदावरचे ३, ६, १२ हेसुद्धा शून्य. खिडकीच्या मध्यापासून आभाळाचा एक तुकडाही दिसणार नाही, भिंतीवर आपटून येईल तेवढाच उजेड.

हे कोणत्याही मार्जिनच्या नियमात येत नाही कारण नियम अंतर पाहतात, खिडकी कुठून पाहते ते पाहत नाहीत.

५ जानेवारी २०२५

एक मजला कमी करा असं म्हणून पाहिलं, मालक ऐकणार नाहीत आणि त्यांच्या जागी मी असते तरी अवघड होतं, बँकेचं कर्ज आठ फ्लॅट धरून आहे.

पण आपल्याच नकाशात मधोमध एक चौक आहे, १० बाय १६ चा, जिन्याला आणि बाथरूमला उजेड-हवा म्हणून. चार बाजूंनी भिंती, त्यात पाइप उतरणार, खाली कबुतरं आणि कचरा. तोच चौक उचलून उत्तरेच्या कडेला, शेजारच्या स्वयंपाकघरांच्या बरोबर समोर आणला तर? क्षेत्रफळ तेवढंच राहतं. शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर अंतर १० चं २० फूट होतं. आपली स्वयंपाकघरंही त्याच चौकावर उघडतात, त्यांनाही २० फूट मिळतात. जिना पुढे न्यावा लागतो, पूर्वेच्या फ्लॅटची बेडरूम दीड फुटाने लहान होते.

सोबत गच्चीवर त्या बाजूला विटांच्या पॅरापेटऐवजी पाइपची रेलिंग, म्हणजे ४५ चे ४२ फूट. पाण्याच्या टाक्या दक्षिणेला. नवीन आकडे: खाली १३, पहिला मजला २१, दुसरा ३९. चौकाच्या बाजूच्या भिंतींमुळे प्रत्यक्षात यापेक्षा कमी येतील हे मालकांना आणि शेजाऱ्यांना दोघांनाही सांगायचं. पण ३, ६, १२ शी तुलना करून पाहा. दुपारचं ऊन दुसऱ्या मजल्याला सगळा हिवाळा, पहिल्याला फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. आजींचे दोन-तीन महिने तरी जातातच.

१२ जानेवारी

मालकांसोबत बैठक, वाड्याच्या ओसरीतच. धाकटे भाऊ म्हणाले, "ते सारं ठीक आहे, पण त्याइच्या उजेडासाठी आपण कायले बेडरूम लहान करा?" त्यांचा प्रश्न रास्त आहे, पैसा त्यांचा आहे. मी आपल्या खालच्या फ्लॅटचा कोन काढून ठेवला. शेजारची बिल्डिंग ३५ फूट, अंतर १०, आपल्या खालच्या स्वयंपाकघरासमोर ती ७१ अंशांपर्यंत. आपण जो अंधार त्यांना देणार तोच ते आपल्याला आधीच देऊन बसलेत, कोन दोन्हीकडून मोजता येतो. दिवसा ट्यूब लावावी लागणारं स्वयंपाकघर पाहायला आलेल्या बाईला पहिल्या मिनिटात कळतं आणि ती दर पाडूनच मागते.

मोठे भाऊ तेवढ्या वेळात काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "चौक तिकडेच घ्या ताई. शेजार तोडून कोणतं घर वसते?" धाकट्यांचं मन अजून पूर्ण नाही, पण जिना पुढे आल्याने एक दुकानाचा गाळा नीट बसतो हे त्यांना आवडलं. तेही चालेल.

९ फेब्रुवारी

स्वित्झर्लंडमध्ये नवीन इमारतीच्या परवानगीआधी जागेवर उंच काठ्या उभ्या करून तिचा आकार सगळ्यांना दाखवतात. ४२ फुटांचं काही उभं करणं आपल्याला जमण्यासारखं नव्हतं, पण मिस्त्रींनी बांबू बांधून वाड्याच्या आढ्याच्या वर बराच उंच नेला, चौकाचे दोन्ही कोपरे आणि भिंतीची रेघ दोरीने दाखवली. शेजारचे सगळे आपापल्या खिडकीत उभे राहून पाहत होते. कागदावरचे अंश ज्यांना समजले नव्हते त्यांना दोरी पाहून समजलं. एका ताईंनी विचारलं की आपल्या नवीन चौकात एसीचे डबे लागणार का. चांगला प्रश्न! लागले तर गरम हवा त्यांच्या कुलरमध्ये ओढली जाईल. उत्तरेच्या भिंतीवर आणि चौकात एसीचं बाहेरचं युनिट नाही, असं विक्रीच्या करारात टाकायचं ठरलं.

कुलरचाही विषय निघाला. मार्च ते जून आपल्याकडे बेडरूमच्या खिडकीत कुलर बसतो आणि त्याच्या ताट्या निम्मी खिडकी झाकतात. त्यामुळे उन्हाळ्यात बेडरूमचा हिशोब धरण्यात अर्थ नाही, स्वयंपाकघराची खिडकी तेवढी वाचवायची.

२३ फेब्रुवारी

भिंतीचा रंग. चौकाच्या आणि बोळाच्या सगळ्या भिंती पांढऱ्या. पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला साधारण ७० ते ८० टक्के परत पाठवते, नुसतं सिमेंट प्लास्टर त्याच्या निम्माही नाही. बोळ जितका अरुंद तितका या रंगावर भार जास्त. पावसाने भिंत काळी पडते, म्हणून दर काही वर्षांनी रंग देणं सोसायटीच्या कागदात लिहायचं, नाहीतर मालक फ्लॅट विकून मोकळे आणि भिंत कोणाचीच नाही.

छज्जे कापायला पाच घरं तयार झाली. दीड फुटाचा छज्जा अर्ध्या फुटावर आणायचा, पुढे पावसासाठी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची पट्टी, खर्च आपला. त्यामुळे खिडकीला ७६ अंशांपर्यंतचं आभाळ दिसतं, चौकाचा फायदा खरंतर तेव्हाच मिळतो. सहावं घर भाड्याने आहे, मालक पुण्याला, फोनवर नंतर पाहू म्हणाले.

खालच्या मजल्याचं मात्र माझं समाधान होत नाही. २९ चे १३, आणि बाजूच्या भिंती धरल्या तर अजून कमी. ओट्यावर आजच २०० लक्स येत नव्हते. त्यांच्या स्वयंपाकघराला पूर्वेच्या भिंतीत, त्यांच्याच पार्किंगकडे, एक नवीन खिडकी पाडता येते, लिंटेल टाकून दोन-तीन दिवसांचं काम. सोसायटीची परवानगी लागेल. त्या घरच्या काकूंनी एवढंच विचारलं की तिकडून पार्किंगचा धूर येईल का. येईल थोडा, गाड्या निघतात त्या वेळी. त्यांना निर्णयासाठी वेळ दिला, हा त्यांच्या घराचा प्रश्न आहे.

१६ मार्च

होळीची सुट्टी संपली, सुधारित नकाशा नगरपरिषदेत दाखल. सोबत कोनांचा तक्ता आणि शेजाऱ्यांच्या सह्यांचा कागदही जोडला. कोणी मागितला नव्हता, पण फाइलमध्ये राहू दे, पुढच्या वाड्याच्या वेळी कोणाला तरी दाखवता येईल. या गल्लीतच अजून असे वाडे आहेत ज्यांची वाटणी झाली आहे.

वाडा पाडायला पाडव्यानंतर सुरुवात. त्याआधी सगळ्या सहा ओट्यांवर पुन्हा लक्स घ्यायचे, छज्जे कापल्यावर परत, आणि प्रत्येक स्लॅब पडल्यावर त्याच वेळी, दिवे बंद करून. मिस्त्रींना सांगितलंय की चौकाच्या कडेचे कॉलम ओळंब्यात एक इंचही बाहेर यायला नको आणि चौकावर नंतर कोणी म्हटलं तरी पत्र्याचं शेड टाकायचं नाही. खालच्या काकूंचा फोन आला होता, खिडकी पाडा म्हणाल्या, फक्त गजाची आणि वरच्या बाजूला, साडेपाच फुटांच्या वर. लिंटेलची उंची त्याप्रमाणे बदलून उद्या ड्रॉइंग देते.